मिनिटबाई

त्या वर्षी थंडी पडली ती कोरडी, आणि येताना धूळ घेऊन आली. गावाच्या तिन्ही अंगांना खडीच्या मशिनी. उन्हाळ्यात निदान वारा ती धूळ उचलून दूर तरी नेतो. थंडीत ती जागच्या जागी खाली बसते. पत्र्यांवर बसते, वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते, हंड्यावर झाकलेल्या फडक्यावर बसते. पोरांच्या छातीत बसते ती मात्र कुणाला दिसत नाही. दिसतो तो खोकला. मग आया पोराला कडेवर घेऊन सरकारी दवाखान्याची वाट धरतात.

दवाखाना म्हणजे ओळीनं चार खोल्या आणि पुढे व्हरांडा. पहिल्या खोलीत केसपेपरची खिडकी, दुसरीत डॉक्टर, शेवटच्या खोलीत औषधं. तिसऱ्या खोलीत, जिथे खिडकीची काच फुटून पुठ्ठा लावला होता, तिथे बाई बसायची. बाई म्हणजे नर्स. वय बावन्न, अंगानं भरलेली, डावा गुडघा सुजलेला, आणि आवाज असा की व्हरांड्याच्या टोकाला बसलेल्यालाही गोळी जेवणाआधी की नंतर हे दोनदा विचारावं लागत नसे. चौदा वर्षं ती त्या खोलीत होती आणि चौदाही वर्षं कंत्राटावर. अकरा महिने संपले की नवा अर्ज, डॉक्टरांची शिफारस, वरच्या कचेरीची मंजुरी, की पुन्हा अकरा महिने. यंदाचं कंत्राट या महिन्याच्या तीस तारखेला संपत होतं.

त्या सोमवारी रांग फाटकापर्यंत गेली होती. बाईच्या समोरच्या स्टुलावर खडीमशिनीवरची एक तरुण मजूर बसली होती. केसांपासून चपलांपर्यंत पांढरी झालेली, मांडीवर आठ महिन्यांची मुलगी. मुलगी दूध पीत होती.

"पाजणं थांबवा जरा आणि झबलं वर करा तिचं," बाई म्हणाली.

"खोकला आहे हो. खोकल्याला झबलं कशाला वर करायचं?"

"श्वास मोजायचाय. एक मिनिट."

छातीपासून तोडल्याबरोबर मुलीनं भोकाड पसरलं. रडत्या पोराचा श्वास मोजून उपयोग नसतो, म्हणून बाई थांबली. मुलगी गप्प झाली. बाईनं घड्याळ डोळ्यांसमोर धरलं, नजर पोटावर ठेवली आणि मोजायला घेतलं. बाविसाव्या श्वासाला कुणीतरी दार आपटलं आणि मुलगी दचकून पुन्हा रडायला लागली. बाई पुन्हा थांबली, पुन्हा एकपासून सुरू झाली. तिसऱ्या खेपेला मिनिट पुरं झालं.

"चव्वेचाळीस. साधी सर्दी आहे. औषध लागणार नाही. अंगावर पाजत राहा, उबेत ठेवा. श्वास धावायला लागला, बरगड्यांखाली पोट आत खेचायला लागलं, प्यायची बंद झाली, तर त्याच पावली परत या."

खडीवालीनं आधी बाईकडे पाहिलं, मग दारातल्या गर्दीकडे.

"ऐकलंत का? तीन वेळा मोजलं, आणि औषध काय तर काही नाही! अहो, माझी अर्ध्या दिवसाची हजेरी गेली. तुमचं ते एक मिनिट होतं आणि आमचा दिवस जातो."

"मग डॉक्टरांकडून एखादं लाल औषध घेऊन जा. गोड असतं."

"जाते की! मिनिटबाई कुठली!"

सगळा व्हरांडा हसला. नाव असं चिकटलं की दुपारपर्यंत फाटकासमोरच्या चहावाल्यानंही बाईच्या कपाला 'मिनिटबाईंचा' म्हणून हाक मारली. बाईनं चहा प्यायला, कप आपटून ठेवला आणि उरलेली एकोणीस पोरं मोजायला गेली.

*

हा कार्यक्रम दीड वर्षापूर्वी वरून आला होता. पाच दिवसांचं प्रशिक्षण, एक जाडजूड पुस्तक आणि भिंतीवर लावायचा तीन रंगांचा तक्ता. गुलाबी म्हणजे पोर ताबडतोब मोठ्या इस्पितळात. पिवळा म्हणजे औषध इथलंच, आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तपासणी. हिरवा म्हणजे घरी काळजी. खोकला असलेल्या पोराचा श्वास मोजायचा. वर्षाच्या आतलं असेल तर पन्नास ही हद्द, वर्षापुढचं असेल तर चाळीस. हद्दीला टेकलं की न्यूमोनिया धरून औषध सुरू करायचं. शिकवणाऱ्या मॅडमनी पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहिलं होतं, 'पूर्ण एक मिनिट', आणि खाली दोन रेघा ओढल्या होत्या. बाकीच्या नर्सांनी ते वहीत उतरवलं आणि जेवणानंतर डुलक्या काढल्या.

बाईला डुलकी आली नाही. तिला एक बाटली आठवत होती.

ते प्रशिक्षणाच्या आधीच्या थंडीतलं. रांग अशीच होती. सात महिन्यांचा एक मुलगा आला, बाईनं पंधरा सेकंद मोजले, अकरा आले, चारनं गुणून चव्वेचाळीस लिहिले आणि खोकल्याचं औषध देऊन घरी पाठवला. सगळेच असं करत. चौथ्या दिवशी मुलगा गेला. त्याची आई आठवड्यानंतर दवाखान्यात आली. बाईला वाटलं, आता ही माझ्या झिंज्या धरणार, आणि धरल्या तर मी सोडवून घेणार नाही. पण त्या आईनं पदराआडून औषधाची बाटली काढली आणि टेबलावर ठेवली. म्हणाली, "निम्म्याच्या वर शिल्लक आहे. दुसऱ्या कुणाच्या लेकराला होईल." आणि गेली.

बाई त्या दिवशी घरी जाऊन ओक्साबोक्शी रडली. नवऱ्याला वाटलं कंत्राट गेलं.

तेव्हापासून मिनिट म्हणजे मिनिट. एकोणसाठ सेकंदांनाही ती मोजणं थांबवत नसे. आणि पुरतं मोजायला लागल्यावर जे आजवर सुटत होतं ते सापडायला लागलं. महिन्याला तेरा-चौदा पोरं पिवळी, दोन-तीन गुलाबी. पिवळी बहुतेक सगळी आठवड्याभरात बरी होऊन व्हरांड्यात धिंगाणा घालत. बाई त्यांच्यावर खेकसायची आणि मनातून सुखावायची.

*

बुधवारी रांग ओसरल्यावर डॉक्टरांनी तिला बोलावलं. डॉक्टर पस्तिशीचे, भले गृहस्थ, पण रोजच्या दीडशे पेशंटांनी पार पिळून काढलेले. टेबलावर वरच्या कचेरीचं पत्र होतं.

"वाचा, सिस्टर."

बाईनं चष्मा लावला. 'आपल्या केंद्रात गेल्या तीन महिन्यांत न्यूमोनियाची सत्तेचाळीस बालके नोंदली गेली आहेत. पुलापलीकडील केंद्रात ही संख्या शून्य आहे. या तफावतीचा संबंधित परिचारिकेने लेखी खुलासा करावा. साहेब शुक्रवारी समक्ष भेट देतील.'

"त्यात खुलासा कसला? मी मोजते म्हणून सापडतात. ते मोजत नाहीत."

"असं लिहिता येतं का?"

"का नाही? मला लिहिता येतं."

डॉक्टरांनी कपाळ चोळलं. मग खण उघडला आणि लाकडी मुठीचा एक रबरी शिक्का पुढे सरकवला. बाईनं तो उलटा करून वाचायचा प्रयत्न केला, जमेना, म्हणून जुन्या केसपेपरच्या मागे उठवून पाहिला. निळ्या शाईत स्वच्छ उमटलं: श्वास ३४. रंग हिरवा. घरी काळजी.

"हे काय?"

"पुलापलीकडच्यांनी करून घेतलाय. रोज तेच तेच लिहून हात दुखतो म्हणे. आपल्यासाठीही एक पाठवलाय त्यांनी."

"आणि पोरं? बघायची की नुसता शिक्का मारायचा?"

"बघायची हो. बघून मारायचा."

"बघितल्यावर सगळी चौतीसच निघणार?"

"सिस्टर, त्यांना आदर्श केंद्राची ढाल मिळाली आणि आपल्याला हे पत्र." डॉक्टर हळू आवाजात म्हणाले. "तुमच्या कंत्राटाची शिफारस मी डोळे झाकून करीन. पण मंजुरी देणारे साहेब आहेत. चार ओळी लिहा. नवीन होते, मोजण्यात गफलत झाली, यापुढे काळजी घेईन. संपलं."

"चौदा वर्षांची नवीन?"

डॉक्टर हसले नाहीत. बाईनं शिक्का पर्समध्ये टाकला.

पुलापलीकडच्या केंद्रातली नर्स तिची प्रशिक्षणातली जोडीदारीण. जाड भिंगांमुळे सगळे तिला चष्मेवाली म्हणत. बाईनं व्हरांड्यात उभं राहूनच तिला फोन लावला.

"मिळाला का शिक्का?" चष्मेवाली खुशीत होती. "अगं, शनिवारी दुपारी बसायचं, आठवड्याचे सगळे कागद समोर घ्यायचे आणि ठकाठक मारत सुटायचं. अर्ध्या तासात मोकळी. एकदा तर गंमतच झाली. एका पोराच्या कागदावर चौतीस मारला आणि मागाहून कळलं, ते त्या आठवड्यात मामाकडे गेलेलं. आलंच नव्हतं!"

ती मोकळेपणानं हसली. तिच्या पोटात पाप नव्हतं, हेच तर वाईट होतं.

"तुझ्याकडे न्यूमोनियानं कुणी गेलं का गं यंदा?" बाईनं विचारलं.

"घरी गेलेल्यांचं काय, ते आपल्या कागदावर येत नाही," चष्मेवाली म्हणाली, आणि रांग आहे म्हणून फोन ठेवला.

*

बाईचं घर म्हणजे पुढे नवऱ्याचं वेल्डिंगचं दुकान आणि मागे दोन खोल्या. नवरा लोखंडी दारं, जाळ्या, फाटकं करायचा. घरात सासू होती, कान पक्के, गुडघे कच्चे. आणि लेक होती, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला, अक्षर मोत्यासारखं. संध्याकाळी दिवा लागल्यावर बाईनं पत्र मधोमध टाकलं आणि लेकीला कागद-पेन घेऊन बसवलं. मग सगळ्या घरानं खुलासा लिहायला घेतला.

"लिही," नवरा बनियनवर भिंतीला टेकत म्हणाला. "महोदय, मशिनी पुलाच्या अलीकडे आहेत आणि अक्कल पुलाच्या दोन्हीकडे नाही."

"बाबा!"

"तू काही त्याचं ऐकू नको," सासू म्हणाली. "लिही, साहेब, आईबापासारखे आहात. चूक पदरात घ्या. घरात म्हातारी आहे, लग्नाची पोर आहे."

"मी लग्नाची नाही, मी शिकतेय," लेक म्हणाली.

"लिहायला काय जातंय?"

लेकीनं दोघांना हातानं थोपवलं आणि वरच्या ओळीत 'सविनय सादर करते की' असं वळणदार लिहिलं. मग आईकडे बघितलं. बाई पातेल्यात पाणी तापवून त्यात फडकं बुडवत होती. पिळलेलं फडकं तिनं गुडघ्यावर ठेवलं, ओठ घट्ट मिटले, आणि कळ ओसरल्यावर म्हणाली, "लिही. माझ्या केंद्रात प्रत्येक पोराचा श्वास पूर्ण एक मिनिट मोजला जातो. म्हणून सत्तेचाळीस सापडली. सगळीकडे मोजलं तर सगळीकडे सापडतील. शून्य हा आकडा खोटा आहे."

लेकीचं पेन थांबलं. "आई, हे असं गेलं तर कंत्राट गेलंच समज."

नवऱ्यानं डोकं खाजवलं. गेल्या चार महिन्यांत त्याच्याकडे एक फाटक आणि दोन खिडक्या, एवढंच काम आलं होतं. घर बाईवर चाललं होतं आणि ते सगळ्यांना माहीत होतं.

"जरा मऊ लिही की," तो शेवटी म्हणाला. "तुझं खरं आहे गं. पण खरं मऊ करूनही सांगता येतं."

"कसं मऊ करायचं? सत्तेचाळीस पोरांना न्यूमोनिया नव्हता, असं लिहू?"

"तसं नाही..."

"मग कसं? तुम्ही फाटकाचा सांधा अर्धा जोडून पाठवता का गिऱ्हाइकाला?"

नवऱ्याला राग आला होता की लाज वाटली होती, ते त्याचं त्याला ठाऊक. बाईनं लेकीच्या हातातून कागद घेतला, चार घड्या केल्या आणि चुलीत घातला. जेवणं मुक्यानं झाली. बाईला त्या रात्रीच्या जेवणाचा फार राग आला, कारण पहिल्यांदाच तिला घरात एकटं वाटलं.

सकाळी ती निघाली तेव्हा नवरा मोटरसायकल पुसत दारात उभा होता. एरवी ती दोन मैल चालत जायची. "बस," तो म्हणाला. दवाखान्याच्या फाटकाशी त्यानं गाडी थांबवली.

"दुसरा कागद लिहिला नाहीस ना?"

"नाही."

"बरं केलंस," तो म्हणाला आणि गाडी वळवून गेला.

*

त्या गुरुवारी सकाळी चिमटे-कात्र्या उकळायच्या भांड्यात बाईनं आणखी एक वस्तू टाकली. औषधवाल्यानं वास आला म्हणून डोकावून पाहिलं.

"सिस्टर, हे काय शिजतंय?"

"शिक्का. निर्जंतुक करून घ्यावा म्हटलं. सगळ्या पोरांना एकच वापरायचा, नको का?"

वीस मिनिटांनी तिनं तो चिमट्यानं बाहेर काढला. रबर फुगून वाकडं झालं होतं आणि लाकडापासून सुटलं होतं. तिनं कागदावर उठवून बघितलं तर चौतीस सोडाच, धड रेघही उमटली नाही. तो तिनं डॉक्टरांच्या टेबलावर नेऊन ठेवला. डॉक्टरांनी तोंडावर हात ठेवला, आणि बाईला खात्री आहे की त्या हाताआड ते हसले.

दिवसभर तिनं सव्वीस पोरं मोजली. आता रांगेलाही तिचा खाक्या कळला होता. मागच्या बायका पोरांना आधीच पाजून, झोपेला आणून ठेवत. नंबर यायच्या आत झबल्यांची बटणं सुटलेली असत. दाराशी बसलेली एक आजी कुणी दार आपटलं की त्याच्या सात पिढ्या काढायची. पोटं बघता बघता बायकांनाही बघायचं कळायला लागलं. "हे बघ, याचं कसं भात्यासारखं चाललंय, याला पुढे घे," असं आपसात होऊ लागलं. मिनिटबाई म्हणणं मात्र कुणी सोडलं नव्हतं. बाईलाही आता त्याचं काही वाटत नव्हतं.

एक पोर मात्र त्या दिवशी गुलाबी निघालं. दोन वर्षांचं, काही पिईना, हाक मारली तरी डोळे उघडेना. बाईनं औषधाचा पहिला डोस टोचून दिला, मोठ्या इस्पितळाच्या गाडीसाठी स्वतः फोन केला, गाडी नाही म्हणाले तेव्हा खडी नेणारा ट्रक फाटकासमोर आडवी उभी राहून थांबवला आणि आईला पोरासकट ड्रायव्हरशेजारी चढवलं. ड्रायव्हर कुरकुरला. बाई म्हणाली, "खडी थांबेल. हे थांबायचं नाही." नोंदवहीत तिनं लिहिलं: गुलाबी, एक. म्हणजे साहेबांच्या हिशेबात आणखी एक गुन्हा.

*

शुक्रवारी साहेबांची पांढरी गाडी अशी उभी राहिली की रांगेचे दोन तुकडे झाले. साहेबांबरोबर एक कारकून होता, त्याच्या हातात फाईल. दोघं बाईच्या खोलीत आले, मागून डॉक्टर. बाई उठून उभी राहिली. साहेब तिच्याच खुर्चीत बसले. तिला कुणी बस म्हटलं नाही, आणि गुडघ्यातली कळ मांडीपर्यंत चढायला लागली.

साहेब नोंदवही चाळत होते. बोलत होते डॉक्टरांशी.

"पिवळा, पिवळा, हिरवा, पिवळा. काल पुन्हा गुलाबी. हे काय चाललंय? ह्यांना विचारा, खुलासा कुठे आहे?"

"सिस्टर, खुलासा..." डॉक्टर अवघडून म्हणाले.

"मी इथेच आहे, साहेब. मलाच विचारा," बाई म्हणाली.

साहेबांनी पहिल्यांदा मान वर केली. "बरं. लिहिलाय?"

"नाही. लिहिण्यासारखं काही नाही. मोजलं ते वहीत आहे."

"बाकी सगळीकडे चोख चाललंय आणि ह्या एका खोलीत रोगराई?" साहेब कारकुनाकडे वळले. "ह्यांना मोजता तरी येतं का?"

कारकून हसला. दारात बायका दाटल्या होत्या, त्यांच्यापर्यंत ते हसणं गेलं. बाईचे कान तापले. चौदा वर्षांत तिला पुष्कळ बोलून घेतलं होतं लोकांनी, पण तिच्याच रांगेसमोर, तिच्याच खुर्चीत बसून कुणी नव्हतं.

"येत नसेल तर तुम्ही दाखवा, साहेब," ती म्हणाली. "तुम्ही डॉक्टर आहात. हे घड्याळ. पहिला नंबर कुणाचा आहे गं?"

पहिला नंबर खडीवालीचा होता. तीच धूळ, तीच मुलगी. पण आज मुलगी रडत नव्हती. आईच्या हातावर अर्धवट झोपेत पडून होती. सोमवारी बाईनंच हिला हिरवी म्हणून घरी पाठवली होती.

"तुम्ही म्हणाला होतात, श्वास धावला तर त्याच पावली ये," खडीवाली बाईला म्हणाली. "रात्रीपासून धावतोय. मला तरी तसं वाटतंय."

"बस. झबलं वर कर."

साहेबांना आता उठता येईना. दारात पंधरा-वीस बायका, शेजारी त्यांचाच डॉक्टर. त्यांनी घड्याळ घेतलं, खुर्ची पुढे ओढली आणि मुलीच्या पोटाकडे बघत मोजायला लागले. अर्ध्या मिनिटावर त्यांनी घड्याळ खाली ठेवलं.

"चोवीस. दुप्पट अठ्ठेचाळीस. पन्नासच्या आत. हिरवी." ते डॉक्टरांकडे बघून हसले. "ह्यांच्या हातात हीच पिवळी झाली असती. उठ गं, ने तिला घरी."

"अर्धंच झालं, साहेब," बाई म्हणाली.

"अर्ध्याची दुप्पट म्हणजे पूर्ण. हे तुमच्या शाळेत शिकवत नव्हते?"

"मापाचं तेल असतं तर झालं असतं. हे लेकरू आहे. चार श्वास भरभर घेतं, मधेच थबकतं, पुन्हा धावत सुटतं. थबकलेलं तेवढं तुमच्या अर्ध्यात आलं असेल. मीही एकदा असंच गुणलं होतं. तो मुलगा गेला, साहेब. म्हणून सांगते, पुरतं मोजा."

कारकुनानं फाईल या हातातून त्या हातात घेतली.

"मला शिकवू नका," साहेब म्हणाले. "तुमचं कंत्राट या महिन्यात संपतंय ना?"

"तीस तारखेला. ते तुमच्या हातात आहे, काय करायचं ते करा. पण तीस तारखेपर्यंत ही खोली माझी आहे, आणि या खोलीत मिनिट पुरतं मोजलं जातं."

साहेबांनी खडीवालीला हातानं ऊठ अशी खूण केली. ती उठली नाही.

"ए बाई," कारकून म्हणाला, "झालं तुझं. पुढच्यांना येऊ दे."

"मी उठत नाही." खडीवालीनं मुलीला नीट मांडीवर घेतलं. "पुरतं मोजा. आजची हजेरी बुडवून आलेय मी. अर्ध्या मिनिटासाठी नाही आले."

"रांग खोळंबलीय मागे!"

"आम्हाला काही घाई नाही," दारातून कुणीतरी म्हणालं. सोमवारी ज्या बायकांनी वेळेसाठी बाईचा उद्धार केला होता, त्याच होत्या. "होऊ दे सावकाश." "मोजा, साहेब, मोजा." आजीनं दारातल्या बायकांना आत घेऊन दार आतून लोटून घेतलं आणि पाठ लावून उभी राहिली. आता बाहेर जायचं तरी आजीला हलवल्याशिवाय जाता येणार नव्हतं.

साहेबांनी डॉक्टरांकडे पाहिलं. चुळबुळ करणारे डॉक्टर आज अचानक स्थिर उभे होते.

"एकदा मोजायला काय हरकत आहे, सर," ते म्हणाले. "नियमात तसंच आहे."

साहेबांनी घड्याळ उचललं. काटा बारावर यायची वाट पाहिली. या वेळी त्यांचे ओठ हलत होते, त्यामुळे सगळ्यांना आकडे कळत होते. दूरवर मशिनींची घरघर चालली होती, आत कुणी खोकलंही नाही. पंचवीस झाले, तीस झाले. मुलगी मधे थबकली, आणि मग तिचं पोट सरसर वरखाली व्हायला लागलं. बाईनं स्वतः मोजलं नाही. तिनं साहेबांच्या ओठांवर नजर ठेवली होती. सत्तेचाळीस, अठ्ठेचाळीस, एकोणपन्नास. पन्नासला ओठ क्षणभर अडखळले, पण काटा अजून फिरत होता आणि मुलगी श्वास घेतच होती.

"त्रेपन्न," साहेब म्हणाले.

"पिवळी," खडीवाली म्हणाली. तक्ता तिनं रांगेत बसून बसून पाठ केला होता.

बाईनं नोंदवही साहेबांसमोर उघडली, पेनचं टोपण काढून पेन त्यांच्या हातात दिलं आणि रकान्यावर बोट ठेवलं. साहेबांनी त्रेपन्न लिहिलं. पुढच्या रकान्यात पिवळा लिहिलं. बोट तिथेच होतं, शेवटच्या रकान्यावर, जिथे मोजणाऱ्याची सही लागते.

"पत्रातल्या सत्तेचाळिसांत ही आणखी एक वाढली," बाई म्हणाली. "ह्याचा खुलासा मी करू की तुम्ही?"

साहेबांनी सही केली. आजीनं दार किलकिलं केलं आणि औषधवाल्यानं बाटली आत दिली. बाईनं पहिला डोस खडीवालीकडून तिच्यासमोरच मुलीला पाजून घेतला, किती द्यायचं ते तिच्याकडून परत म्हणवून घेतलं आणि तिसऱ्या दिवशी कसंही करून ये म्हणून बजावलं. खडीवाली उठली. जाताना साहेबांकडे तिनं बघितलंसुद्धा नाही. आजीनं तिच्यापुरतं दार उघडलं आणि पुन्हा लावून घेतलं.

साहेबही उठायला लागले. पण आजी अजून दाराला पाठ लावून होती, आणि स्टुलावर दुसरी आई येऊन बसली होती. पोर झोपलेलं होतं, बटणं सुटलेली होती.

"बसा, साहेब," बाई म्हणाली आणि घड्याळ त्यांच्यापुढे सरकवलं. "हा चौदा महिन्यांचा आहे. ह्याला हद्द चाळीसची."